सगळे ‘लेला’ म्हणजे ‘एड’ नव्हे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एका महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करता. सूचना, पत्रं, मेल इंग्रजीत लिहायचं काम तुमच्याकडे आहे. गेल्या महिन्यात तुमच्या तीन वाक्यांवर वरिष्ठांनी लाल शाईने गोल केले. पहिलं तुमच्याच बढतीच्या अर्जातलं: ‘आय ॲम व्हेरी इंटरेस्टिंग इन धिस पोस्ट’. दुसरं फीच्या सूचनेतलं: ‘द रिमेन्ड फीज शुड बी पेड बाय मंडे’. तिसरं शिष्यवृत्तीच्या सूचनेतलं: ‘द अप्लाइड स्टूडंट्स शुड कॉन्टॅक्ट द ऑफिस’. तुम्ही विचारता, की ‘इंग’वालं रूप कर्तरी अर्थाचं आणि ‘एड’वालं कर्मणी अर्थाचं, हा नियम तर शाळेपासून पाठ आहे, मग चूक होते कुठे?

नियम ढोबळमानाने बरोबर आहे; तो कुठे अपुरा पडतो ते पुढे येईलच. तुमच्या तिन्ही चुका मात्र तीन वेगळ्या जागी होतात आणि एकाच औषधाने त्या जाणार नाहीत. मी पंचवीस वर्षं प्रौढांना इंग्रजी शिकवतो आहे. या तिन्ही चुका मी इतक्यांदा पाहिल्या आहेत, की त्या निष्काळजीपणातून होत नाहीत हे ठामपणे सांगू शकतो. चुकणारा माणूस बहुतेक वेळा आपलं मराठी नीट वापरत असतो. मराठीत जे अगदी योग्य आहे, तेच तो इंग्रजीत नेतो.

आधी ‘इंटरेस्टिंग’ घेऊ. तुमच्या वाक्याचा अर्थ झाला, ‘या पदाच्या बाबतीत मी फार लक्षवेधी व्यक्ती आहे’. तुम्हाला म्हणायचं होतं, ‘मला या पदात रस आहे’. गंमत अशी, की मराठी वाक्यात तुम्ही काही करतच नाही. रस आहे, आणि तो तुम्हाला आहे. कंटाळा येतो, आश्चर्य वाटतं, भीती वाटते, आनंद होतो. या सगळ्यांत माणूस ‘मला’ होऊन बाजूला उभा असतो आणि भावना त्याच्याकडे चालत येते. ती कुणी पाठवली, हे मराठी वाक्य विचारतही नाही.

इंग्रजी ते विचारतं. ‘इंटरेस्ट’, ‘बोअर’, ‘सरप्राइज’, ‘कन्फ्यूज’, ‘टायर’, ‘फ्राइटन’, ‘एक्साइट’, ‘शॉक’ ही क्रियापदं आपल्या प्रयोजक क्रियापदांसारखी आहेत. ‘टायर’ म्हणजे थकणं नव्हे, थकवणं. ‘फ्राइटन’ म्हणजे घाबरणं नव्हे, घाबरवणं. ‘बोअर’ म्हणजे कंटाळा आणणं, ‘कन्फ्यूज’ म्हणजे गोंधळात टाकणं, ‘इंटरेस्ट’ म्हणजे कुणाच्या मनात रस उत्पन्न करणं. आपल्या शब्दकोशांत ‘टायर’समोर ‘थकणे’ आणि ‘थकवणे’ असे दोन्ही अर्थ दिलेले असतात, आणि इंग्रजीत ‘आय टायर इझिली’ असंही म्हणतात, हे खरं. पण विशेषण करायची वेळ आली, की थकवणं हाच अर्थ धरायचा. मग ‘टायरिंग’ म्हणजे थकवणारा आणि ‘टायर्ड’ म्हणजे ज्याला थकवलं तो. प्रवास ‘टायरिंग’, प्रवासी ‘टायर्ड’. सूचना ‘कन्फ्यूजिंग’, ती वाचणारे विद्यार्थी ‘कन्फ्यूज्ड’. पद तुमच्या मनात रस उत्पन्न करतं, म्हणून पद ‘इंटरेस्टिंग’ आणि तुम्ही ‘इंटरेस्टेड’.

ही जोडी मराठीतही आहे, फक्त तिच्याकडे आपलं लक्ष नसतं. कंटाळवाणं भाषण आणि कंटाळलेले श्रोते. दमवणारा चढ आणि दमलेला वाटसरू. घाबरवणारा आवाज आणि घाबरलेलं पोर. ‘वाणा’, ‘वणारा’, ‘दायक’, ‘कारक’ असं जिथे तोंडात येतं तिथे इंग्रजीत ‘इंग’ बसतं, आणि भावना ज्याच्या वाट्याला आली त्याला ‘एड’. या एका गटापुरता मराठीचा आधार अगदी भरवशाचा आहे.

काही शिकवण्यांमध्ये याचा एक सोपा नियम करून देतात: माणसाला ‘एड’, वस्तूला ‘इंग’. कृपा करून तो विसरा. शिक्षक कंटाळवाणे असू शकतात आणि तेव्हा ते ‘बोअरिंग टीचर’च असतात. वर्गात बसलेला ‘बोअर्ड’ माणूस एखादे वेळी शिक्षकच असेल, पण तो अर्थ वेगळा. चेहरा ही वस्तू धरली तरी ‘अ टायर्ड फेस’ म्हणतात, कारण थकवा चेहऱ्यावर आलेला असतो. तुमच्या वाक्यातही तुम्ही माणूस आहात म्हणून ‘इंटरेस्टिंग’ चुकलं असं नाही. तुम्ही खरोखर ‘अ व्हेरी इंटरेस्टिंग पर्सन’ असाल. फक्त बढतीच्या अर्जात तुम्हाला ते सांगायचं नव्हतं.

आणखी एक इशारा इथेच देतो. भावनेचं प्रत्येक इंग्रजी क्रियापद या बाजूने चालत नाही. ‘लव्ह’, ‘रिस्पेक्ट’, ‘ॲडमायर’, ‘फिअर’ यांत भावना करणारा माणूसच कर्ता असतो. म्हणून ‘अ लव्हिंग मदर’ म्हणजे माया करणारी आई आणि ‘अ रिस्पेक्टेड टीचर’ म्हणजे ज्यांचा आदर केला जातो ते शिक्षक. भीतीची दोन क्रियापदं शेजारी ठेवून पाहा. ‘अ फ्राइटन्ड रूलर’ म्हणजे घाबरलेला राजा आणि ‘अ फिअर्ड रूलर’ म्हणजे ज्याला लोक घाबरतात तो राजा. दोन्हींना ‘एड’, पण भीती कुणाच्या पोटात आहे ते उलट. म्हणून शेपटी बघून निवडू नये. आधी क्रियापद घेऊन एक साधं पूर्ण वाक्य करावं: कोण कुणाला काय करतं? ‘द फिल्म बोअर्स मी’. करणारी ती ‘बोअरिंग’, सोसणारा मी ‘बोअर्ड’. ‘पीपल फिअर द रूलर’. भीती बाळगणारे लोक, म्हणून राजा ‘फिअर्ड’. हे वाक्य मनातल्या मनात जुळवायला दोन सेकंद लागतात.

मग सुशिक्षित माणसाच्या तोंडीही ‘इंटरेस्टिंग’च आधी का येतं? मला वाटतं, याला आपला कान कारणीभूत आहे. इंग्रजी शब्द मराठीत घेताना आपण ‘एड’ गिळतो आणि ‘इंग’ जपतो. आपण ‘मिस कॉल’ देतो, जो खरं तर ‘मिस्ड कॉल’ आहे. तिकीट ‘कन्फर्म’ होतं, तेल ‘रिफाइन’ असतं, रात्री गाडीवर ‘बॉइल अंडा’ मिळतो, काका ‘रिटायर’ होतात, आपण ‘बोअर’ होतो, ‘कन्फ्यूज’ होतो. याउलट ‘इंटरेस्टिंग’, ‘शॉकिंग’, ‘एक्सायटिंग’ हे पूर्णच्या पूर्ण मराठीत नांदतात. त्यामुळे इंग्रजी बोलायची वेळ आली, की विशेषण म्हणून कानात साठलेलं एकच रूप हाताशी येतं, ते ‘इंग’चं. मी विद्यार्थ्यांना या गिळलेल्या ‘एड’ची यादी करायला सांगतो. रेल्वेचं तिकीट, हॉटेलचं मेन्यूकार्ड, किराणा दुकानातली पाकिटं, एवढ्यावर वही भरते. उकडलेलं अंडं ‘बॉइल्ड’, तळलेला भात ‘फ्राइड’, भाजलेले शेंगदाणे ‘रोस्टेड’, गार केलेलं पेय ‘चिल्ड’. मराठीत आपण उकडलेलं, तळलेलं, भाजलेलं असं बिनचूक म्हणतो. इंग्रजी शब्द आला की ‘लेलं’ गळून पडतं.

आता ‘रिमेन्ड फीज’. तुमचा हा दुसरा गोल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे मराठी फार शांतपणे चकवते.

एकदा संध्याकाळच्या वर्गात मी एक मोठा फोटो फळ्यावर चिकटवला होता. तालुक्याचा एसटी स्टँड. बाकावर बसलेली एक आजी. नऊवारी नेसलेली. तिच्या मांडीवर झोपलेलं नातवंड. खांबाला टेकलेला कंडक्टर. चौकशीच्या खिडकीची फुटलेली काच. पिंपळाची गळलेली पानं. एका कोपऱ्यात उरलेली थोडी जागा आणि तिथे उभी असलेली एक सायकल. मी म्हटलं, आधी मराठीत वर्णन करा, मग इंग्रजीत. मराठीत सगळ्यांनी बरोबर हेच शब्द वापरले: बसलेली, नेसलेली, झोपलेलं, टेकलेला, फुटलेली, गळलेली, उरलेली. ‘लेला’च ‘लेला’. मग इंग्रजीत वर्गाचा जवळजवळ एकमताने ‘एड’ आला (‘स्लेप्ट’, ‘ब्रोकन’ अशी शेवटी ‘एड’ नसलेली रूपंही मी ‘एड’मध्येच धरतो). ‘द स्लेप्ट चाइल्ड’, ‘द लीन्ड कंडक्टर’, ‘द सारी वोर्न वुमन’, ‘द रिमेन्ड स्पेस’. आणि ‘द ब्रोकन ग्लास’, ‘द फॉलन लीव्ह्ज’. शेवटची दोन बरोबर, आधीची चारही चूक.

इंग्रजीत ती आजी ‘सिटिंग’ आहे, नऊवारी ‘वेअरिंग’ आहे, नातवंड ‘स्लीपिंग’ आहे, कंडक्टर ‘लीनिंग’ आहे, सायकल ‘स्टँडिंग’ आहे, जागा ‘रिमेनिंग’ आहे. काच तेवढी ‘ब्रोकन’ आणि पानं ‘फॉलन’.

कारण मराठी आणि इंग्रजी एकाच गोष्टीकडे वेगवेगळ्या क्षणी पाहतात. आजी बसली, ती कृती संपली, तिचा परिणाम म्हणजे आता ती बसलेली आहे. मराठीला कृतीचा शेवट दिसतो. म्हणून आपण ‘तो झोपला आहे’ म्हणतो, तेव्हा इंग्रज ‘ही इज स्लीपिंग’ म्हणतो. त्याला झोपणं या क्षणी चालू असलेलं दिसतं. बसणं, उभं राहणं, टेकणं, लोंबणं, झोपणं, नेसणं, घालणं, उरणं, राहणं: शरीराची बैठक, अंगावरचे कपडे, शिल्लक असणं, अशा सगळ्या अवस्था मराठीत ‘लेला’ने आणि इंग्रजीत ‘इंग’ने सांगितल्या जातात. चष्मा घातलेला मुलगा म्हणजे ‘द बॉय वेअरिंग ग्लासेस’. ‘वोर्न’ हा शब्द विशेषण म्हणून लावला, तर साडी झिजलेली, विटलेली होते, आणि नेसणारीला बिचारीला नाहक कमीपणा येतो. उरलेली फी ‘रिमेनिंग फीज’, उरलेलं काम ‘रिमेनिंग वर्क’. ‘रिमेन्ड’ हे क्रियापदाचं रूप म्हणून आहे, पण नामाच्या आधी विशेषण म्हणून ते कधी येत नाही.

बसलेल्या आजीला ‘सीटेड’ही म्हणता येतं, असं त्या दिवशी एका विद्यार्थिनीने शब्दकोश पाहून विचारलं. येतं. कारण ‘सिट’ म्हणजे बसणं आणि ‘सीट’ म्हणजे बसवणं. ‘सीटेड’ म्हणजे बसवलेली. पुन्हा प्रयोजकच. ज्याने हा फरक स्वतःहून पकडला त्याला हा विषय समजला, असं मी मानतो.

तसंच हरवलेल्या गोष्टींचं. हरवलेली चावी ‘लॉस्ट की’ होते, कारण कुणीतरी ती हरवली. पण ‘मिसिंग की’ही होते, आणि हरवलेल्या माणसाची तक्रार देताना तो ‘मिसिंग पर्सन’ असतो. ‘मिसिंग’ म्हणजे असायला हवा तिथे नसणारा. ‘मिस्ड पर्सन’ लिहिलं, तर ज्याची आठवण येते असा माणूस, असा अर्थ निघेल. पोलिसांच्या कागदावर तसं काही लिहायचं नसतं.

मग पान ‘फॉलन’ का आणि मूल ‘स्लेप्ट’ का नाही? दोन्ही क्रियापदं अकर्मक. पडण्यावर कुणी कर्मणी प्रयोग करत नाही. पानाला कुणी ‘पडलं’ नाही, ते स्वतः पडलं. म्हणजे ‘एड’चं रूप कर्मणी असतं हा तुमचा शाळेतला नियम इथे अपुरा पडतो. नीट मांडायचा तर असा: सकर्मक क्रियापदाचं ‘एड’ कर्माकडे जातं, आणि काही थोड्या अकर्मक क्रियापदांचं ‘एड’ कर्त्याकडे जातं, जर त्या क्रियेने कर्त्याची अवस्था किंवा जागा कायमची बदलली असेल तर. पडलेलं झाड, गळलेली पानं, निवृत्त न्यायाधीश, पळून गेलेला कैदी, गंजलेला खिळा, सुकलेली फुलं, फुगलेली नदी, मुदत संपलेला परवाना. इंग्रजीत यांना अनुक्रमे ‘फॉलन’, ‘फॉलन’च, ‘रिटायर्ड’, ‘एस्केप्ड’, ‘रस्टेड’, ‘विल्टेड’, ‘स्वोलन’, ‘एक्स्पायर्ड’. क्रिया पूर्ण झाली आणि त्या वस्तूचं रूप बदललं. झोपणं, हसणं, धावणं, रडणं, खोकणं यांत कर्ता काही करतो, पण क्रिया संपल्यावर त्याच्यावर तिची खूण राहत नाही. म्हणून ‘स्लेप्ट चाइल्ड’ नाही, ‘लाफ्ड बॉय’ नाही.

यातही काही आडमुठी आहेत. मेलेल्या माणसाला ‘डाइड मॅन’ म्हणत नाहीत, कारण ‘डेड’ हा स्वतंत्र शब्द ती जागा अडवून बसला आहे. आलेले पाहुणे नुसते ‘अराइव्ह्ड गेस्ट्स’ होत नाहीत, पण ‘न्यूली अराइव्ह्ड गेस्ट्स’ होतात. घडलेला प्रकार ‘द हॅपन्ड इन्सिडंट’ अजिबात होत नाही. ही चूक अर्जांत आणि तक्रारींत फार दिसते, म्हणून मुद्दाम सांगतो: ‘द इन्सिडंट दॅट हॅपन्ड’ लिहा, किंवा नुसतं ‘द इन्सिडंट’ लिहा. घडल्याशिवाय तो प्रकार कागदावर आला नसता.

ज्यांनी संस्कृत केलं आहे त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. संस्कृतातलं ‘क्त’ प्रत्ययाचं रूप, म्हणजे कृत, पठित, भुक्त, हे कर्माकडे जातं: पठितं पुस्तकम्, वाचलेलं पुस्तक. पण गत, मृत, पतित यांत तेच ‘क्त’ कर्त्याकडे जातं. पाणिनीने यासाठी वेगळं सूत्रच केलं आहे, अष्टाध्यायीतलं ३.४.७२. त्यात जाण्याच्या अर्थाचे धातू आणि अकर्मक धातू यांचा ‘क्त’ कर्त्यासाठीही येतो, असं सांगून आणखी काही धातूंची नावं दिली आहेत. त्यांत शीङ्, स्था, आस्, वस् आहेत: झोपणं, उभं राहणं, बसणं, राहणं. एसटी स्टँडच्या फोटोतली ही मंडळी. आपल्या ‘लेला’चा हा वारसा फार जुना आहे, आणि विद्यार्थी ‘स्लेप्ट चाइल्ड’ लिहितात तेव्हा ते त्या वारशाला धरूनच लिहीत असतात. हे सांगितलं, की वर्गातल्या विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावरचा अपराधी भाव जातो. मला ते महत्त्वाचं वाटतं. आपलं कुठे बरोबर आहे हे ज्याला कळलं, तो दुसरी भाषा न घाबरता शिकतो.

तिसरा गोल: ‘द अप्लाइड स्टूडंट्स’. मराठीत ‘अर्ज केलेले विद्यार्थी’. वाक्य निर्दोष. मराठीचा ‘लेला’ सकर्मक क्रियापदालाही लागतो आणि खुशाल कर्त्याकडे जातो: परीक्षा दिलेले विद्यार्थी, पैसे भरलेले ग्राहक, लस घेतलेली मुलं, आंबा खाल्लेला मुलगा. तोच ‘लेला’ कर्माकडेही जातो: विद्यार्थ्यांनी दिलेली परीक्षा, मुलाने खाल्लेला आंबा. दोन्हीकडे चालणारं नाणं आहे. संस्कृतात या कर्त्याच्या अर्थासाठी निराळा ‘क्तवतु’ आहे, कृतवान्, भुक्तवान्. इंग्रजीत ‘क्तवतु’च्या तोडीचं रूप नाही. खाणं झालेला मुलगा सांगायला एका शब्दाचं विशेषण नाही. ‘द ईटन बॉय’ म्हटलं, तर मुलाला कुणीतरी खाल्लं. आणि ‘अप्लाइड’ म्हणजे लावलेलं, वापरात आणलेलं, जसं ‘अप्लाइड फिजिक्स’, उपयोजित भौतिकशास्त्र. विद्यार्थी कुठे लावलेले नसतात.

इथे उपाय एकच: ‘हू’ आणा. ‘स्टूडंट्स हू हॅव अप्लाइड’. ‘स्टूडंट्स हू अपिअर्ड फॉर द एक्झाम’. ‘अपिअर्ड स्टूडंट्स’ नव्हे. क्रिया अजून चालू असेल, तर मात्र ‘इंग’ थेट चालतं: ‘स्टूडंट्स अप्लाइंग फॉर धिस स्कॉलरशिप’, अर्ज करत असलेले विद्यार्थी. पैसे भरलेल्यांबद्दल लिहिताना जपून. ‘पेड’ माणसाचं विशेषण झालं, की पैसे त्याला मिळतात: ‘पेड स्टाफ’, पगारी कर्मचारी. ‘पेइंग’ झाला, की तो पैसे देतो: ‘पेइंग गेस्ट’. हा शब्द तर शहरात खोली शोधलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि ‘पेड गेस्ट’ म्हणजे किती उलटं होईल ते त्याला लगेच कळतं.

कर्त्याकडे जाणारी काही सकर्मक ‘एड’ रूपं इंग्रजीत आहेत, पण ती मोजकी आणि घट्ट बसलेली: ‘ड्रंक’, प्यालेला, ‘वेल-रेड’, भरपूर वाचलेला, ‘मिस्टेकन’, चुकलेला. यांच्यावरून नवी घडवू नका.

‘इंग’चाही एक खड्डा दाखवतो, कारण सूचना लिहिणाऱ्याला तो लागतोच. ‘ड्रिंकिंग वॉटर’ म्हणजे पिणारं पाणी नव्हे, पिण्याचं पाणी. ‘स्लीपिंग चाइल्ड’ झोपलेलं मूल, पण ‘स्लीपिंग बॅग’ झोपायची पिशवी. ‘रनिंग ट्रेन’ धावती गाडी, ‘रनिंग शूज’ धावण्याचे बूट. दिसायला एकच ‘इंग’, पण दुसऱ्यात ते विशेषण नसून क्रियेचं नाव आहे. मराठीत ‘ण्याचा’ किंवा ‘यचा’ आला, की समजा हे ते. उच्चारातही फरक आहे: ‘स्लीपिंग बॅग’मध्ये जोर पहिल्या शब्दावर पडतो, ‘स्लीपिंग चाइल्ड’मध्ये दोन्हींवर. ‘वेटिंग रूम’ हे वाट पाहण्याचं दालन, म्हणून ते बरोबर. पण ज्या तिकिटाला आपण ‘वेटिंग तिकीट’ म्हणतो, ते इंग्रजीत ‘वेटलिस्टेड’, यादीत घातलेलं.

चालू असलेली कर्मणी क्रिया सांगायची असेल, तर दोन रूपांतलं एकही एकटं पुरत नाही. दुरुस्त केलेला जिना ‘द रिपेअर्ड स्टेअरकेस’, आणि दुरुस्ती चालू असलेला जिना ‘द स्टेअरकेस बीइंग रिपेअर्ड’. ‘रिपेअरिंग स्टेअरकेस’ लिहिलं, तर जिनाच हत्यारं घेऊन कामाला लागला. हे ‘बीइंग’ इंग्रजीतही फार जुनं नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रज सरसकट ‘द हाउस इज बिल्डिंग’ म्हणत, आणि त्याचा अर्थ घर बांधलं जात आहे असाच घेत. ‘इज बीइंग बिल्ट’ रूढ होऊ लागलं तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक व्याकरणकारांना ते बोजड वाटलं. त्या जुन्या वळणाचा एक अंश अजून शिल्लक आहे: ‘द वॉल नीड्स पेंटिंग’, भिंत रंगवायला हवी. रूप ‘इंग’चं, अर्थ कर्मणी. हे आहे तसं पाठ करावं.

वाक्याच्या सुरुवातीला ही रूपं येतात तेव्हा स्वल्पविरामानंतर जे पहिलं नाम येईल, त्याच्याशी त्यांचं लग्न लागतं. मुंबईचं गेटवे ऑफ इंडिया घ्या. ते १९२४ साली पूर्ण झालं आणि अपोलो बंदरावर समुद्राकडे तोंड करून उभं आहे. ‘कम्प्लीटेड इन १९२४, द गेटवे...’ बरोबर, कारण ते कुणीतरी पूर्ण केलं. ‘स्टँडिंग ऑन अपोलो बंदर, द गेटवे...’ हेही बरोबर, कारण उभं ते स्वतः आहे. एकाच नामाला दोन्ही रूपं शोभतात. पण ‘स्टँडिंग ऑन अपोलो बंदर, द सी लुक्ड ब्यूटिफुल’ म्हटलं, की समुद्रच बंदरावर उभा राहिला. मराठीत ‘बंदरावर उभं राहून समुद्र सुंदर दिसतो’ खपून जातं, कारण उभा राहणारा माणूस आपण ऐकता ऐकता भरून घेतो. इंग्रजी वाचक ते करायला तयार नसतो. तिथे ‘ॲज आय स्टुड’ असं स्पष्ट लिहा. याच कारणाने ‘कम्पेअर्ड विथ लास्ट इयर, द फीज आर लोअर’ बरोबर, कारण फी कुणाशी तुलना करत नाही, तिची तुलना केली जाते. ‘बेस्ड ऑन’चंही तसंच. ‘बेसिंग ऑन’ कार्यालयीन पत्रांत मी वारंवार पाहतो आणि प्रत्येक वेळी खोडतो.

तुमच्या टेबलावर रोज येणारा एक शब्द राहिला: ‘कन्सर्न्ड’. संबंधित अधिकारी म्हणताना आपण ‘द कन्सर्न्ड ऑफिसर’ लिहितो. भारतात ते सर्रास चालतं आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो, म्हणून मी ते चूक ठरवून तुमचा वेळ घेणार नाही. पण पत्र देशाबाहेर जाणार असेल, तर ‘कन्सर्न्ड’ नामाच्या मागे न्या: ‘द ऑफिसर कन्सर्न्ड’. पुढे ठेवला तर बाहेरचा वाचक तो काळजीत पडलेला अधिकारी समजतो.

तुमची तीन वाक्यं आता अशी होतील. अर्जात: ‘आय ॲम व्हेरी इंटरेस्टेड इन धिस पोस्ट’. फीच्या सूचनेत: ‘द रिमेनिंग फीज शुड बी पेड बाय मंडे’. शिष्यवृत्तीच्या सूचनेत: ‘स्टूडंट्स हू हॅव अप्लाइड शुड कॉन्टॅक्ट द ऑफिस’. आणि त्याच सूचनेखाली तुम्ही लिहिलेलं ‘सी द अटॅच्ड लिस्ट’ अगदी बरोबर आहे. यादी जोडली गेली आहे, म्हणून ‘अटॅच्ड’. त्याला लाल शाई लागली नाही ती योग्यच.